नागा पद्धतीचा बांबूचा पाइप: भाग, घडण आणि निगा

नागालँडच्या पाइपची ओळख बहुतेकांना फोटोतून झालेली असते. मोन जिल्ह्यातले एखादे वयस्कर कोन्याक गृहस्थ, गळ्यात पितळी मुंडक्यांचं पदक आणि तोंडात कोरीव पाइप. नजर जाते ती कोरीवकामावर. पण पाइप नीट चालतो तो त्याच्या जोडांमुळे, भोकांच्या मापांमुळे आणि कोरड्या, पक्क्या बांबूमुळे. नक्षी सगळ्यात शेवटी येते. ज्यांना असा पाइप स्वतः घडवायचा आहे, विकत घेताना पारखायचा आहे किंवा घरात असलेला जुना नग जपायचा आहे, त्यांच्यासाठी ही माहिती दिली आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. पाइप कितीही देखणा असला तरी तंबाखूचा धूर घातकच असतो, आणि पाण्यातून ओढल्याने तो निर्धोक होत नाही. पाण्यात थोडा रस आणि राख अडकते. कार्बन मोनॉक्साइड तसाच छातीत जातो आणि निकोटिनही बऱ्याच प्रमाणात जातं. 2016-17 च्या देशव्यापी पाहणीत नागालँडमधले 43 टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत असल्याचं आढळलं. महाराष्ट्राचा आकडा जवळपास 27 टक्के होता. ही कारागिरी हातात धरून पाहावी, समजून घ्यावी आणि जपावी. त्यासाठी ती पेटवण्याची गरज नाही.

नागा पाइप एकाच प्रकारचा नसतो

नागा हे एका जमातीचं नाव नाही. अंगामी, आओ, सुमी (जुन्या लिखाणात सेमा), लोथा, रेंगमा, चाखेसांग, फोम, चांग, कोन्याक अशा अनेक जमाती या नावाखाली येतात. प्रत्येकीची भाषा वेगळी, आणि पाइपची घडणही थोडीफार वेगळी. ढोबळमानाने तीन घराणी सांगता येतात.

पहिला साधा पाइप. बांबूच्या कंदाची किंवा लाकडाची वाटी आणि तिला जोडलेली बारीक नळी. तो शेतावर नेता येतो आणि हरवला तरी फार हळहळ वाटत नाही.

दुसरा पाण्याचा पाइप. वाटीखाली बांबूचं नळकांडं असतं आणि त्यात थोडं पाणी. आपल्याकडच्या गुडगुडीसारखंच तत्त्व, फक्त नारळाच्या करवंटीऐवजी बांबूचं कांडं. इथे मात्र एक महत्त्वाचा फरक आहे. गुडगुडीतलं पाणी आपल्याकडे फेकून दिलं जातं. ईशान्येच्या डोंगरांत अनेक ठिकाणी ते पाणीच हवं असायचं. धुरातला रस उतरून पिवळट-तपकिरी झालेलं पाणी छोट्या भोपळ्यात किंवा बांबूच्या डबीत भरून सोबत ठेवायचं आणि त्याचा घोट तोंडात धरून थुंकायचा, अशी ती चाल. शेजारच्या मिझोराममध्ये ते ‘तुइबुर’ म्हणून आजही मिळतं. पूर्वी मिझो बायका पाण्याचा पाइप ओढत आणि त्यातलं पाणी पाहुण्यांना देत. नळकांडं लहान का, पाणी इतकं थोडं का, याचं उत्तर या चालीत आहे. मोठं भांडं घेतलं तर रस पातळ होतो.

हे पाणी चाखून पाहण्याचा मोह कोणी करू नये. निकोटिन कातडीतूनही अंगात भिनतं आणि लहान मुलासाठी थोडंसं पाणीही विषारी ठरतं. मिझोराममधल्या अभ्यासात तुइबुरचा पोटाच्या कर्करोगाशी संबंध आढळला आहे.

तिसरं घराणं कोरीव आणि धातूच्या पाइपांचं. हे प्रामुख्याने कोन्याकांचं, आणि सीमेपलीकडे अरुणाचलच्या लोंगडिंग जिल्ह्यातल्या वांचोंचं. लाकडी वाटीवर माणसाचं डोकं किंवा अख्खी आकृती कोरलेली असते. पितळी वाट्या असतात, पितळी तारेचे वेढे असतात. या डोक्यांचा संबंध मुंडकी आणण्याच्या जुन्या प्रथेशी आणि ती आणणाऱ्याच्या मानाशी आहे. म्हणून ती नुसती शोभा समजून कुठेही चिकटवू नये असं आम्हाला मनापासून वाटतं. कोन्याक भागात अफूचा पाइपही दिसतो, आणि तो वेगळा ओळखता यायला हवा. कापडात मुरवलेली अफू आधी पळीत तापवतात, ती चिरलेल्या पानात कालवतात आणि मग बांबूच्या पाणी-पाइपमध्ये ओढतात. त्यामुळे पाइपसोबत जळकी पितळी पळी किंवा काळ्या चिंध्या आल्या, तर ती तंबाखूची सामग्री नव्हे.

पुढे पाण्याच्या पाइपची घडण दिली आहे. त्यात सगळी कौशल्यं येतात. ती जमली की साधा पाइप अर्ध्या दिवसात होतो.

बांबू निवडणं

पाइप बिघडला तर दहातल्या आठ वेळा दोष बांबूचा असतो. तीन वर्षं पूर्ण झालेली काठी हवी. कोवळ्या काठीवर पांढुरकी भुकटी असते, गाठींना कोंबाची सालपटं चिकटलेली असतात आणि ठोकल्यावर आवाज बद्द येतो. पक्क्या काठीवर शेवाळाचे, बुरशीचे डाग असतात आणि आवाज खणखणीत येतो. तोड पावसाळ्यानंतर करावी, ऑक्टोबर ते फेब्रुवारी. कोंब फुटण्याच्या दिवसांत काठीतला साठा खर्च होत असतो आणि ओल खूप असते. पाऊस संपल्यावर ओल उतरते आणि तोडलेली काठी वाळवायला हवाही कोरडी मिळते. तरी काठीत उरलेला पिठूळ साठा भुंगेऱ्याला बोलावतो. काठीखाली पांढरी पिठी सांडलेली दिसली की समजा, आत भोकं पडली.

नागालँडमध्ये डेंड्रोकॅलॅमस हॅमिल्टोनाय आणि बांबुसा तुल्डा या जाती मुबलक आहेत. दोन्ही पोकळ असतात आणि कांडी लांब असतात. महाराष्ट्रात करायचं असेल तर जात पाहूनच घ्यावं. सिंधुदुर्गातला माणगा जवळजवळ भरीव असतो, आणि कोरड्या रानातला मानवेलही पुष्कळदा भरीव निघतो. नळकांड्यासाठी दोन्ही निरुपयोगी. काटस बांबूचं वरच्या बाजूचं पोकळ कांडं चालेल. बुरूडवाड्यात जाऊन ‘पातळ भिंतीचं, दोन्ही गाठी शाबूत असलेलं कांडं’ असं मागितलं तर नेमकी वस्तू हातात पडते.

लागणारी मापं अशी. नळकांड्यासाठी 40 मिमी जाडीचं कांडं, भिंत 5 मिमी, दोन गाठींमधलं अंतर आतून 150 मिमी. तोंडाच्या नळीसाठी 12 मिमी जाडीची बारीक काठी, लांबी 220 ते 250 मिमी, आतलं भोक 5 मिमी. आतल्या उभ्या नळीसाठी त्याच जाडीचा 150 मिमी तुकडा. सगळं जोडीने घ्या. निम्मं फुटेल हे गृहीत धरूनच सुरुवात करावी.

मुरवणं आणि वाळवणं

तोडलेली कांडी दोन ते तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवावी, वाहतं पाणी असेल तर उत्तम. साचलेलं असेल तर दर दोन दिवसांनी बदला, नाहीतर बांबूला कुजका वास लागतो आणि तो जात नाही. या मुरवण्याने गोडवा आणि पिठूळपणा उतरतो.

नागा घरांत पुढचं काम चूल करते. चुलीवर टांगलेल्या फळ्यांवर मांस, मिरच्या, बियाणं ठेवतात आणि बांबूही तिथेच महिनोन्‌महिने धुरात राहतो. धुराने तो तांबूस-काळा होतो आणि कीड लागत नाही. चूल नसेल तर सावलीत, हवेशीर जागी, उभं करून सहा ते आठ आठवडे वाळवा. उन्हात ठेवला की बाहेरची साल लवकर आकसते, आतला भाग ओला राहतो आणि सरळ उभी चीर जाते. वाळला की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. वजन करा. स्वयंपाकघरातला काटा पुरतो. सलग सात दिवस वजन तेवढंच राहिलं की बांबू कामाला तयार.

बाजारात बांबू टिकवायला बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडचं पाणी वापरतात. टोपल्या आणि फर्निचरसाठी ते ठीक आहे. तोंडाला लागणाऱ्या आणि तापणाऱ्या वस्तूला ते वापरू नये. विकत आणलेला बांबू आधीच तशा पाण्यातून काढलेला नाही ना, हे विचारून घ्या.

नळकांडं

दोन्ही टोकांना गाठीच्या बाहेर 15 ते 20 मिमी सोडून कापा. करवत बारीक दातांची हवी आणि कापण्याच्या रेषेवर चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे सालीच्या ढलप्या उडत नाहीत. खालच्या गाठीबाहेर उरलेली कड पाइपला पाय म्हणून उपयोगी पडते. आतली नळी वरच्या गाठीच्या पडद्यात घट्ट बसते.

आता पहिलं भोक, आणि इथे घाई नको. वरच्या गाठीच्या पडद्याला मधोमध हाताच्या गिरमिटाने 3 मिमीचं भोक पाडा. तापलेली सळई त्यानंतरच. दोन्ही बाजूंनी बंद असलेलं कांडं तापवलं की आतली वाफ कोंडते आणि ते फटाक्यासारखं फुटतं. शेकोटीत टाकलेला बांबू याच कारणाने वाजतो.

बारीक भोक पडल्यावर 10 मिमीची निमुळती लोखंडी सळई लालबुंद करून त्यात फिरवा. एका दमात आरपार ढकलायची नाही. तीन-चार सेकंद फिरवायची, काढायची, फुंकर मारायची, पुन्हा तापवायची. बांबूचे धागे उभे असतात. यंत्राचं मोठं बिट त्यांत अडकलं की कांडं एका क्षणात उभं चिरतं. सळईने धागे जळत जातात, चीर पुढे सरकत नाही, आणि भोकाची काठ जळून कडक होते. भोक 12 मिमीला थोडं कमी ठेवा आणि उरलेलं गोल कानशीने वाढवत न्या. हे काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करावं.

दुसरं भोक तोंडाच्या नळीचं. वरच्या गाठीच्या पडद्यापासून 30 मिमी खाली, बाजूने. नळी 45 अंशांत वर जाणार, म्हणून भोक गोल नसून लंबगोल होईल, रुंदी 12 आणि उंची साधारण 17 मिमी. आधी सरळ आत 3 मिमीचं भोक पाडा. मग सळई आडवी धरून सुरुवात करा आणि तिचा बाहेरचा शेंडा हळूहळू वर नेत 45 अंशांवर आणा. पहिल्यापासूनच तिरकी धरली तर सळई सालीवरून घसरते आणि काळा ओरखडा कायमचा उमटतो.

आतून एक पातळ, कागदासारखा पापुद्रा असतो. तो तसाच राहिला तर पाण्यात सुटून नळीत अडकतो. मूठभर जाडसर वाळू आणि थोडं पाणी आत घालून, भोकं बोटांनी दाबून पाच मिनिटं जोरात हलवा. गढूळ पाण्यातून पापुद्र्याचे तुकडे बाहेर येतात. मग उकळतं पाणी ओतून तीनदा खळखळून धुवा.

गळती तपासायला नळकांडं 60 मिमीपर्यंत पाण्याने भरून कोरड्या कागदावर रात्रभर उभं ठेवा. कागद ओला झाला तर खालच्या पडद्याला केसासारखी चीर आहे. खालच्या कडेची उथळ वाटी वर करून त्यात वितळलेलं मधमाश्यांचं मेण 3 मिमी थर येईल इतकं ओता. भिंतीला चीर असेल तर मात्र ते कांडं बाजूला ठेवा. ती चीर मेणाने भरते आणि पहिल्याच उन्हाळ्यात पुन्हा उघडते.

दोन नळ्या

तोंडाच्या नळीच्या काठीत एक-दोन गाठी येणारच. 5 मिमीची लांब सळई तापवून आतले पडदे जाळून काढा. एकाच बाजूने ढकलत राहिलं की सळई वाकडी जाऊन भिंत फोडते, म्हणून निम्मं एका टोकाने आणि निम्मं दुसऱ्या टोकाने. काठी वाकडी असेल तर निखाऱ्यावर सतत फिरवत तापवा. सालीवर तेलकट घाम आला की वाकवायची वेळ झाली. गुडघ्यावर सरळ करून ओल्या फडक्याने थंड करा, आकार तसाच राहतो.

दोन्ही नळ्यांची जोडाकडची टोकं किंचित निमुळती करा. 30 मिमी लांबीत जाडी अर्धा ते एक मिमी उतरली की पुरे. मग मेण लावलेला सुती दोरा एकसारखा गुंडाळून टोक भोकात दाबून फिरवा. जोड हाताने बसला पाहिजे आणि हाताने सुटलाही पाहिजे. हातोडी लागली तर दोरा जास्त झालाय, नळकांडं चिरेल. तोंडाच्या नळीचं आतलं टोक भिंतीपलीकडे फार तर 5 मिमी जावं. जास्त गेलं तर ते पाण्याजवळ पोचतं आणि ओढताना तोंडात पाणी येतं.

आतल्या उभ्या नळीचं खालचं टोक पाण्यात किती बुडावं, यावर सगळा पाइप तोलला आहे. पाणी 60 मिमी, म्हणजे सुमारे 40 मिलि. नळी त्यात 10 ते 15 मिमी बुडावी. जितकी खोल बुडेल तितकी ओढ जास्त लागते, कारण ओढताना नळीतलं तेवढं पाणी आधी खाली ढकलावं लागतं. 40 मिमी बुडवली तर गाल खपाटीला जातात आणि ओढ एकदम सुटून पाणी उसळतं. 5 मिमीपेक्षा कमी बुडवली तर पाइप जरा कलता झाला तरी टोक उघडं पडतं, आणि धूर पाण्याला न लागताच निघून जातो. आतल्या टोकाला सरळ कापू नका. तिरका छेद द्या, म्हणजे बुडबुडे लहान सुटतात आणि पाणी कमी उडतं.

150 मिमी लांबीचा हिशेब असा: आत 105, पडदा 5, वरची कड 15, आणि वाटीच्या खोबणीत 25.

वाटी

वाटीला गाठ नसलेलं, घट्ट, पूर्ण वाळलेलं लाकूड घ्यावं. आपल्याकडे खैर किंवा बाभूळ चालतं. साग नको. त्यातलं तेल तापलं की उग्र वास सुटतो. कण्हेर तर घरातही आणू नये, ती विषारी आहे. प्लायवूड आणि रंग लावलेलं जुनं लाकूडही बाद. दुसरा मार्ग बांबूच्या कंदाचा. काठी मुळासकट उकरून कंद सावलीत दोन-तीन महिने वाळवला की तो शिंगासारखा कडक होतो. मुळांच्या खुणांचे गोल ठिपके त्यावर आपोआप उमटलेले असतात, त्याला वेगळी नक्षी लागत नाही.

40 × 40 × 65 मिमीचा ठोकळा घ्या. आधी भोकं, मग आकार. उलट केलं तर गोल केलेली वाटी शिकंज्यात धरता येत नाही आणि भोक हमखास तिरकं जातं. वरून 20 मिमी रुंद, 30 मिमी खोल पोकळी. खालून 12 मिमी रुंद, 25 मिमी खोल खोबण. मध्ये उरलेल्या 10 मिमी लाकडातून 5 मिमीचं भोक दोन्हींना जोडतं. हे 10 मिमी लाकूड कमी करू नका, तेच निखारा आणि बांबूची नळी यांच्यातली भिंत आहे. बाहेरून तासून वरची जाडी 34 मिमीवर आणली की सगळीकडे 7 मिमी भिंत राहते. 5 मिमीच्या खाली गेलात तर वाटी हातात धरवत नाही आणि एका बाजूने जळून काळी पडते.

आतलं अस्तर तांब्याच्या किंवा पितळेच्या 0.3 ते 0.4 मिमी पत्र्याचं. 20 मिमी पोकळीचा परीघ 63 मिमी, त्यावर 5 मिमी चढ. म्हणून पट्टी 68 मिमी लांब आणि 34 मिमी रुंद कापावी. रुंदीतले वरचे 4 मिमी कात्रीने झालरीसारखे चिरून वाटीच्या काठावर दुमडायचे. पत्रा आधी लाल करून पाण्यात बुडवा, तो मऊ होतो आणि दुमडताना तुटत नाही. तळाला 20 मिमीची चकती टाका आणि तिला 1.5 मिमीची पाच-सहा भोकं पाडा, राख खाली उतरत नाही.

दोन गोष्टींना इथे सक्त मनाई. जस्त चढवलेला पत्रा वापरायचा नाही, कारण तापल्यावर जस्ताचा धूर निघतो. आणि सांधा डाग देऊन जोडायचा नाही. साध्या डागाच्या मिश्रधातूत शिसं असतं आणि ते दोनशे अंशांच्या आतच वितळतं. चढावाचा घट्ट दुमड पुरेसा आहे. वाटी आणि नळीच्या जोडाला मेणही नको. मेण साठ-बासष्ट अंशांना पातळ होतं. तिथे नुसता कोरडा, घट्ट सुती दोरा.

जोडून पाहणं

पाणी न घालता सगळं जोडा. वाटीवर अंगठा दाबून तोंडाच्या नळीने ओढा. हवा अजिबात येता कामा नये, जीभ नळीला चिकटली पाहिजे. हवा येत असेल तर एकेक जोड ओल्या बोटाने झाकत जा. ज्या जोडावर बोट ठेवल्यावर हवा थांबते, तिथे दोऱ्याचा आणखी एक वेढा. मग 40 मिलि पाणी घालून पुन्हा ओढा. आवाज एकसारखा गुडगुडणारा हवा. एक मोठा ‘गडप’ आणि मग शांतता असं होत असेल तर आतली नळी फार खोल आहे. तोंडात शिंतोडे येत असतील तर पाणी 5 मिलि कमी करा. तरीही येत असतील तर तोंडाच्या नळीचं आतलं टोक तपासा.

सजावट

सालीवर सुरीच्या टोकाने भौमितिक रेघा कोरायच्या आणि त्यांत काजळी चोळायची, किंवा तापलेल्या टोकाने डाग देऊन नक्षी काढायची. बांबूच्या पेल्यांवरही नागा कारागीर हेच करतात. त्यांच्या हातात असतो दाओ. त्याची धार पटाशीसारखी एकाच बाजूने उतरती असते, त्यामुळे झाड तोडण्यापासून साल तासण्यापर्यंत सगळं त्याच एका अवजाराने होतं. आपल्या कोयत्याची धार दोन्ही बाजूंनी उतरती असल्याने सालीत ती खोल शिरते. म्हणून नक्षीसाठी कोयता नको, एकबाजू धारेची छोटी सुरी घ्या. रेघ अर्धा मिमी खोल पुरे. साल फार पातळ असते आणि बांबूची बरीच ताकद तिच्यात असते.

जोडांवर वेताची चीर विणून बसवतात. नागा सजावटीत लाल वेत आणि ऑर्किडच्या पिवळ्या देठाची पट्टी ही जोडी पुन्हा पुन्हा दिसते. लाल रंग मंजिष्ठेच्या कुळातल्या वेलीच्या मुळांचा. आपल्या सह्याद्रीतली मंजिष्ठा तिचीच बहीण. वेत तासभर पाण्यात भिजवून ओलाच विणावा, वाळताना तो आवळतो आणि जोडाला पकड देतो. सुका विणला तर तडकतो.

बाहेरून जवसाच्या कच्च्या तेलाचा एक पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. तेलाच्या चिंध्या चुरगाळून टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. आत आणि वाटीजवळ तेल, वॉर्निश, एम-सील यांपैकी काहीही नको.

असा तयार झालेला पाइप कोणाला भेट दिला किंवा विकला तर ‘नागा पद्धतीवरून केलेला’ असं सांगून द्यावा. ‘नागा पाइप’ हे नाव त्या डोंगरांतल्या कारागिरांच्या हातच्या वस्तूचं आहे.

विकत घेताना

मूळ घडण पाहायची असेल तर कोहिमाचं राज्य संग्रहालय, दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातलं ईशान्य भारताचं दालन, आणि परदेशी असाल तर ऑक्सफर्डचं पिट रिव्हर्स म्युझियम. तिथे हटन आणि मिल्स या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत गोळा केलेला मोठा नागा संग्रह आहे. थेट कारागिरांकडून घ्यायचं असेल तर कोहिमाजवळच्या किसामा इथला हॉर्नबिल महोत्सव, 1 ते 10 डिसेंबर. नागालँडला जाण्यासाठी इनर लाइन परमिट (राज्यात शिरण्याचा सरकारी परवाना) आधी काढावं लागतं.

‘शंभर वर्षं जुना’ म्हणून दाखवलेला पाइप हातात आला की आधी तोंडाचं टोक पाहा. वर्षानुवर्षं ओढलेल्या नळीला दातांच्या उथळ खोबणी असतात, वरखाली दोन्हीकडे. मग हाताची पकड बसते ती जागा. खरी झिलई फक्त तिथेच असते, कोपऱ्याकोपऱ्यात नसते. बूटपॉलिशने म्हातारा केलेला पाइप खाचांतही तेवढाच चकचकीत दिसतो आणि ओल्या कापसाला काळा रंग सोडतो. वाटीच्या आतली काजळी थरांची, कडक आणि असमान हवी. नुसता काळा रंग असेल तर नख लावताच निघतो.

खरोखर शंभर वर्षांहून जुनी वस्तू परवान्याविना देशाबाहेर नेता येत नाही, 1972 च्या पुरावस्तू कायद्याने बंदी आहे. आणि धनेशाची चोच, पिसं, हस्तिदंत किंवा अस्वलाचे केस लावलेला नग वन्यजीव कायद्यात अडकतो. विक्रेता कितीही खात्री देवो, तो सोडून द्यावा.

निगा

जुना पाइप तोंडाला लावू नका. आत काय ओढलं गेलं, हे बाहेरून कळत नाही. साफ करताना रबरी हातमोजे घाला. चिकट काळ्या रसात निकोटिन साठलेलं असतं. नळीत वेताची बारीक काडी फिरवावी, लोखंडी तार फिरवली की आतली भिंत खरवडली जाते. साबण वापरू नये, तो बांबूत मुरतो. जुन्या नगाला तर पाणीही लावू नका. कोरडा मऊ ब्रश पुरतो, आणि वाटीतला थर तसाच ठेवा. त्याच्या वयाचा तोच पुरावा असतो.

नव्या, वापरातल्या पाइपचं पाणी प्रत्येक वेळी ओतून द्यावं, मुलांचा किंवा जनावरांचा हात पोचणार नाही अशा जागी. सगळे जोड सुटे करून सावलीत उभे वाळवा. जोडून ठेवलेला ओला पाइप कोकणात पावसाळ्यात चार दिवसांत बुरशी धरतो. बुरशी आली तर उकळत्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. वास राहिलाच तर ते नळकांडं बदला. उरलेला पाइप चांगला असतो. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उलट धोका, हवा इतकी कोरडी होते की बांबू आकसून चिरतो. तिथे तो बंद कपाटात, भिंतीपासून लांब, मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये. दर दोन महिन्यांनी बाहेर काढून खालच्या कापडावर पिठी सांडली आहे का, ते पाहावं. पिठी दिसली तर पाइप हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, एक दिवस तशीच राहू द्या, नाहीतर थंड बांबूवर दव धरतं आणि चीर जाते.